चर्चच्या स्काउट ट्रूपमध्ये मुलाला घालावं का?

ओसरी:

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे, या महिन्यात सहावीत गेला. वर्गातल्या मित्राने त्याला एकदा स्काउटच्या मीटिंगला नेलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. ट्रूप गावातल्या प्रेस्बिटेरियन चर्चचा आहे. दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात जमतात, आणि फॉर्मवर 'चार्टर्ड ऑर्गनायझेशन' म्हणून चर्चचंच नाव आहे. तिथेच माझं घोडं अडलंय.

आम्ही फार सोवळ्यातले नाही, पण घरात देव आहेत, गणपती बसतो. सांगलीहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर एकच प्रश्न विचारला, "तिथे प्रार्थना कुणाची म्हणायला लावतात?" मला उत्तर देता आलं नाही. शिवाय मुलगा शाकाहारी आहे, अंडं फक्त केकमधलं. आजवर घराबाहेर झोपला तो मावशीकडेच. नवरोबांचं म्हणणं वेगळंच, शनिवारी गणिताचा क्लास आहे त्याचं काय करायचं?

कुणाची मुलं अशा चर्चच्या ट्रूपमध्ये आहेत का? वर्षभर नक्की काय करतात? गोड गोड माहितीपत्रक आमच्याकडे आहे, खरं काय ते सांगा.

झाडावरची_चिंच:

मुलं नाहीत, तरी तोंड घालते. आमच्या शाळेत स्काउट-गाइड म्हणजे शनिवारी खाकी आणि निळे गणवेश, डाव्या हाताने हस्तांदोलन आणि 'खरी कमाई'. एका वर्षी मी शेजारच्या आजोबांची सायकल पुसून आठ आणे मिळवले आणि सायकल पुसलेल्या फडक्यानेच त्यांचा चष्माही पुसून दिला. दोन रात्रींचा कॅम्प शाळेच्याच मैदानात झाला, त्यातही एका मुलीची आई रात्री डबा घेऊन आली. अमेरिकेतलं मला माहीत नाही, पण पाठवा हो.

रानवाट:

ओसरीताई, आम्हीही जर्सीतलेच. आमचा मुलगा याच वयात एका लुथरन चर्चच्या ट्रूपमध्ये गेला, आता सोळाचा आहे. मी आधी नुसता गाडी चालवणारा बाप होतो, मग कमिटीत ओढलं, आता असिस्टंट स्काउटमास्टर आहे. म्हणजे शर्ट घालून उभं राहायचं आणि काहीही करायचं नाही. हे गमतीने म्हणत नाहीये, पुढे सांगतो.

आधी चर्चचं उरकतो, कारण मीही तुमच्यासारखाच तिथे अडलो होतो. चर्च जागा देतं, तंबू ठेवायला एक कपाट देतं, मागच्या पार्किंगमध्ये आमचा ट्रेलर उभा राहू देतं. दरवर्षी चार्टरवर, म्हणजे ट्रूप त्यांच्या नावावर चालवायच्या करारावर, सही करतं आणि ट्रूप चालवणाऱ्या मोठ्या माणसांना मंजुरी देतं. कागदोपत्री तंबू आणि बँकेतले पैसेसुद्धा त्यांचेच. एवढाच संबंध. संस्थेच्या नियमातच लिहिलंय की ट्रूप चर्चचा असला तरी दुसऱ्या धर्माच्या मुलाला त्या चर्चच्या धार्मिक विधीत भाग घ्यायला लावता येत नाही. पाच वर्षांत आमच्या मुलाला रविवारी चर्चला ये असं कुणी म्हटलेलं नाही.

पण देवाचा विषयच नाही असंही नाही, ते लपवून उपयोग नाही. शपथेत देवाप्रती आणि देशाप्रती कर्तव्य येतं. स्काउटचे बारा नियम, त्यातला शेवटचा 'रेव्हरंट', म्हणजे श्रद्धाशील. आणि प्रत्येक रँकच्या वेळी मुलाला विचारतात की देवाप्रती कर्तव्य तू कसं केलंस. कुठला देव, ते त्याने आणि घरच्यांनी ठरवायचं. माझी आई गेली त्या वर्षी आमच्या मुलाने उत्तर दिलं, "आजीसाठी दहा दिवस रोज संध्याकाळी दिवा लावला." स्काउटमास्टरने विचारलं, तेलाचा की तुपाचा? आणि दहा दिवसांत विझू दिला नाहीत का? बस, एवढंच. हिंदू मुलांसाठी वेगळी धार्मिक पदकं आहेत, लहान कब स्काउटना 'धर्म' आणि मोठ्यांना 'कर्म'. घरी पक्के नास्तिक असाल तर मात्र सही करण्याआधी फॉर्ममधलं धर्मतत्त्वाचं कलम नीट वाचा, कारण ईश्वराप्रती काही देणं आहे हे त्यात मान्य करावं लागतं.

फेब्रुवारीत 'स्काउट संडे' असतो. मुलं गणवेशात येतात, झेंडा आत नेतात, दारात पत्रकं वाटतात. ऐच्छिक आहे, पण आम्ही जातो. वर्षभर ज्यांचं तळघर वापरतो त्यांच्या घरी एक दिवस जायला काय हरकत आहे? आमचा मुलगा शेवटच्या बाकावर बसतो, गाणी सुरू झाली की सगळ्यांबरोबर उभा राहतो आणि गप्प राहतो. नंतर डोनट असतात. तो खरा कशासाठी येतो ते मला ठाऊक आहे.

आता वर्ष. आमचं वर्ष सप्टेंबरात पाइन बॅरन्सच्या कनूने सुरू होतं. वॉर्टन स्टेट फॉरेस्टमध्ये बॅटस्टो नदी आहे, तिचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. घाण नाही, सिडारच्या झाडांचा आणि लोहाचा रंग आहे तो. हात बुडवला की बोटं तांबूस दिसतात. आमचा मुलगा पहिल्याच वळणावर उलटला आणि कमरेइतक्या चहात उभा राहून हसत होता. मी मात्र काठावर बूट काढायला लागलो होतो.

खरी गोष्ट ऑक्टोबरची. त्याचा दुसराच कॅम्प, डेलावेअर वॉटर गॅपच्या बाजूला. ट्रूपमध्ये सहा-आठ मुलांची एक पेट्रोल, म्हणजे तुकडी, असते, जेवणाचा बेत, बाजारहाट आणि स्वयंपाक पेट्रोलनेच करायचा. त्यातला एकजण ग्रबमास्टर, म्हणजे त्या खेपेचा मुदपाकखान्याचा मालक. सकाळी पॅनकेक करायचे होते. शेगडी आली, सिलिंडर आला, पीठ आलं, पण पेटवायला काही नाही. सात मुलं आणि एक थंड शेगडी. माझ्या खिशात लायटर होता.

हात खिशात गेलाच होता. आमचा स्काउटमास्टर, निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर, माझ्याकडे न बघता म्हणाला, "कॉफी घे." मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. मी लायटर काढून दाखवला. तो म्हणाला, "दिसलाय मला. कॉफी घे."

वीस मिनिटं ती मुलं भांडली. एकाने कंपासचं भिंग काढलं, पण सूर्य अजून डोंगरामागे होता. एक नुसताच रुसून तंबूत गेला. शेवटी सगळ्यांत नवा म्हणून आमच्या बाळाला शेजारच्या पेट्रोलकडे पिटाळलं. तो लायटर घेऊन आला, पण फुकट नाही. बदल्यात त्यांची भांडी घासायचं कबूल करून आला होता. पावणेदहाला पॅनकेक झाले, एका बाजूने काळे. आणि त्यानंतर आमचा शाकाहारी मुलगा गार पाण्यात, कोपरापर्यंत हात घालून, दुसऱ्यांचा बेकनच्या चरबीने माखलेला तवा घासत बसला. साबण दोनदा निसटला. मी तीस फुटांवर खुर्चीत बसून चौथी कॉफी पीत होतो. आयुष्यात इतकं कठीण काम मी केलेलं नाही. (हे गावी आजोबांना आजतागायत सांगितलेलं नाही.)

पुढच्या कॅम्पला त्या पेट्रोलच्या पेटीत तीन ठिकाणी तीन लायटर होते. कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून म्हणतो, चर्चचा प्रश्न पंधरा मिनिटांत सुटतो. आपल्याला जमत नाही ते हे, हात खिशात ठेवणं. आपण पोळीचा तुकडा मोडून भरवणारी माणसं. पहिल्या वर्षी मला तीनदा मुलांच्या स्वयंपाकाच्या जागेतून हाकललं आहे.

नोव्हेंबरात 'स्काउटिंग फॉर फूड' असतं. एका शनिवारी घरोघरी पिशव्या लावायच्या, पुढच्या शनिवारी भरलेल्या गोळा करून अन्नछत्रात, म्हणजे फूड पँट्रीत पोचवायच्या. आमची पँट्री चर्चच्याच मागच्या खोलीत आहे. मुलं डबे ओळीने लावतात, तारखा तपासतात. एकदा मक्याचा डबा निघाला तो त्यातल्या काही मुलांपेक्षा वयाने मोठा होता. त्याच महिन्यात चर्चच्या अंगणातली पानं गोळा करतात. हेच काय ते भाडं.

जानेवारीत क्लॉन्डाइक डर्बी. स्लेज ओढायची, पण कुत्र्यांऐवजी मुलांनी, आणि वाटेतल्या ठाण्यांवर आग पेटवणं, प्रथमोपचार, गाठी असली कामं करायची. तुमचा मुलगा घराबाहेर झोपलेला नाही म्हणता म्हणून ही रात्र जरा सविस्तर. थंडी वाईट नसते, ओल वाईट असते. दिवसभर घामाने ओले झालेले मोजे घालून पोर स्लीपिंग बॅगेत शिरलं की रात्री दोनला कुडकुडणार. झोपण्याआधी अंगावरचं सगळं बदलायचं, आतल्या कपड्यांपासून मोज्यांपर्यंत. सुती काहीच नको, जीन्स तर घरीच ठेवा. घट्ट बुचाच्या बाटलीत गरम पाणी भरून पायाशी घ्यायचं आणि झोपताना मूठभर शेंगदाणे खायचे. हे सगळं मी आमच्याला घरी दहादा सांगितलं होतं. ऐकलं नाही. रात्री त्याचा पेट्रोल लीडर, तेरा वर्षांचा, अजून आवाजही फुटलेला नाही, तंबूतंबूत टॉर्च घेऊन फिरत होता. "पाय दाखव." आमच्याने पाय बाहेर काढला. "ओला आहे. बदल. मी थांबलोय." आणि खरंच थांबला. मी ऐकत होतो, गप्प.

बाकीचं भराभर. मे महिन्यात मेमोरियल डेच्या आधी सैनिकांच्या थडग्यांवर छोटे झेंडे लावायला जातात. एप्रिलपासून गोचिडी, प्रत्येक हाइकनंतर काखा, गुडघ्यांच्या मागे, केसांत तपासायचं; लाइम आजार इथे भरपूर आहे. उन्हाळ्यात आठवड्याचा समर कॅम्प. ७२ तासांपेक्षा मोठ्या कॅम्पला डॉक्टरांनी तपासून सही केलेला आरोग्य फॉर्मचा 'पार्ट सी' लागतो, त्याची अपॉइंटमेंट एप्रिलमध्येच घ्या, जूनमध्ये मिळत नाही. कॅम्पला पहिल्याच दिवशी पोहण्याची परीक्षा: डोक्यावरून पाणी जाईल तिथे पाय खाली ठेवून उडी, ७५ यार्ड जोरात, मग २५ यार्ड उताणं संथ, मग तरंगायचं. आपली मुलं क्लास लावून फ्रीस्टाइल झकास मारतात आणि उताणं आरामात पोहायला सांगितलं की बुडायला लागतात. आत्तापासून सराव करून घ्या.

खाण्याचं सोपं आहे. ग्रबमास्टरला मुलाने स्वतः सांगायचं, तुम्ही ईमेल लिहू नका. आमच्यासाठी एक तवा वेगळा ठेवतात, त्यावर निळी टेप आहे. मार्शमेलोत जिलेटिन असतं, डब्यातल्या राजम्यात कधी कधी डुकराची चरबी असते, एवढं मुलाला लेबल वाचायला शिकवा.

खर्च: पहिल्या महिन्यात शर्ट आणि हँडबुक, बाकी काही घेऊ नका. तंबू ट्रूपचा असतो. वेळ: आठवड्यात एक संध्याकाळ, महिन्यात एक वीकेंड, उन्हाळ्यात एक आठवडा. गणिताच्या क्लासला महिन्यातून एक दांडी पडणार, तुमच्या यजमानांना ते आधीच सांगून टाका.

कोरडी_विहीर:

रानवाटांचं लिखाण वाचून कनूत बसावंसं वाटलं, पण मूळ मुद्द्याला हात कुणी घालणार आहे का? हीच संस्था, तेव्हाची 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका', फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली ती मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांमुळे. ८२ हजारांहून जास्त दावे आले. भरपाईची योजना दोन अब्ज डॉलर्सच्या वरची. नाव बदलून २०२५ मध्ये 'स्काउटिंग अमेरिका' केलं म्हणून इतिहास बदलतो का? आई म्हणून मी आधी हा प्रश्न विचारला असता, प्रार्थनेचा नंतर.

रानवाट:

विहीरबाई, बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. आकडे खरे आहेत. चर्चांवरही त्याचा परिणाम झाला. बऱ्याच मेथडिस्ट चर्चांनी स्वतः चार्टर ठेवणं सोडलं आणि ट्रूपला फक्त जागा वापरू देण्याचा करार केला. मॉर्मन चर्च तर त्याआधीच, २०१९ च्या अखेरीस, वेगळ्या कारणाने बाहेर पडलं होतं, आणि ते सगळ्यांत मोठे प्रायोजक होते.

आजचे नियम सांगतो. प्रत्येक कार्यक्रमाला किमान दोन नोंदणी केलेली, २१ वर्षांवरची मोठी माणसं हवीतच. कुठल्याही मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर एकटं असायचं नाही, मेसेजमध्येसुद्धा नाही, तिथेही दुसरं मोठं माणूस कॉपीत हवं. मूल दुसऱ्या मोठ्या माणसाबरोबर तंबूत झोपत नाही. मुक्कामाला येणारा प्रत्येक पालक नोंदणी केलेला आणि प्रशिक्षण झालेला हवा, हे सप्टेंबर २०२३ पासून. आणि पालकांना कुठलीही मीटिंग बंद नसते; दार लोटून आत गेलात तरी चालतं.

पण नियम कागदावर काय, कुठेही सापडतील. पाळतात का ते बघायला मीटिंग संपल्यावर पार्किंगमध्ये थांबा. शेवटचं मूल घरी जाईपर्यंत दोन मोठी माणसं थांबतात का, एवढंच बघा. मागच्या हिवाळ्यात एका मुलाचे वडील टर्नपाइकवर अडकले. मी आणि आमच्या खजिनदारबाई चाळीस मिनिटं बर्फात उभे होतो. बाईंना दुसऱ्या दिवशी पहाटेची ड्यूटी होती. "तुम्ही जा, मी थांबतो" असं मी म्हणालो तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत तोंड उघडलं नाही. ज्या ट्रूपमध्ये एकटाच काका शेवटच्या मुलाबरोबर थांबतो, तिथे चर्च कितीही चांगलं असो, घालू नका.

झाडावरची_चिंच:

चाळीस मिनिटं बर्फात! आमच्या गुरुजींनी आम्हाला एस्टीच्या स्टँडवर सोडलं होतं आणि स्वतः पुढच्या गाडीने गेले होते. मुलींचं काय हो पण? भाचीला विचारते आहे.

रानवाट:

मुलींनाही २०१९ पासून प्रवेश आहे, त्यांचे ट्रूप सहसा वेगळे असतात. आमच्याच चर्चमध्ये गुरुवारी एक जमतो. त्यांची स्लेज दोन वर्षं पहिली आली आहे आणि आमची मुलं त्याबद्दल बोलत नाहीत.

ओसरी:

काल आम्ही दोघं जाऊन आलो. मुद्दाम सांगितलं नव्हतं.

तळघरात भिंतीवर रविवारच्या शाळेतल्या छोट्यांनी केलेली कागदी नौका आणि जिराफ, आणि खाली वीसेक मुलं खुर्च्यांच्या पायांना दोऱ्या बांधत बसलेली. तंबूचा दोर ताणायची गाठ होती. आमच्या मुलाला शिकवत होता तो त्याच्यापेक्षा वीतभर बुटका. आमच्याची गाठ सहा वेळा सुटली. माझे हात शिवशिवत होते, कारण मला ती तिसऱ्या वेळेलाच कळली होती. तेवढ्यात एका बाईंनी मला कॉफी आणून दिली. मला रानवाटांची आठवण येऊन हसूच आलं, त्यांना वाटलं कॉफी आवडली.

शेवटी गोल करून शपथ म्हटली. प्रार्थना नाही. नवरोबा पार्किंगमध्ये गाडीत दिवे बंद करून बसले होते, गुप्तहेरासारखे. शेवटचं पोर जाईपर्यंत दोघंजण थांबले. तिसरा कुणीतरी येऊन यांच्या गाडीच्या काचेवर टकटक करून गेला, "आपण कोण?" ते यांना फार आवडलं.

सासूबाईंना फोन केला. "देव कुठला ते विचारलं का?" नाही म्हटलं, रेनकोट आहे का ते विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, मग कानटोपी दे बरोबर.

तर फॉर्म भरला. पहिला कॅम्प ऑक्टोबरच्या दुसऱ्या वीकेंडला. निळ्या टेपचा तवा इथे नाही, मुलगा स्वतः जाऊन बोलणार आहे म्हणतो, बघू. एकच विचारायचंय: गुपचूप त्याच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक लायटर टाकून ठेवू का?

रानवाट:

नको. 'फायरमन चिट', म्हणजे आग हाताळायचा परवाना, मिळेपर्यंत त्याला लायटर बाळगताच येत नाही. स्वतःच्या खिशात ठेवा, आणि घडीची खुर्ची न्यायला विसरू नका.